मध्ययुगीन भूदासांचे विवाह

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकविला. इंग्लंडच्या राजांच्या सनावळ्या मुलांकडून घोटवून घेतल्या. परंतु त्या राजांचे अन्न पिकविणाऱ्यांचे संसार कसे चालत, हे कधी सांगितले नाही. ती उणीव आज अल्पांशाने भरून काढतो.

तेराव्या शतकातील इंग्लंडात भूदास हा जमिनीशी जखडलेला असे. आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याने जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे, पिकाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा आणि उरलेल्यात कुटुंब पोसावे. मुलीचे लग्न करावयाचे तर 'मर्चेट' नावाची पट्टी जमीनदारास भरावी लागे. कारण मुलगी परगावी गेली म्हणजे तिचे श्रम व तिची भावी संतती त्याला अंतरत असे.

तथापि धर्माने या सत्तेस एके ठिकाणी अटकाव केला. पोप चौथे एड्रियन (कारकीर्द ११५४-११५९) हे जन्माने इंग्रज. मालकाची संमती नाही, एवढ्यावरून दासांचा विवाह मोडता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. वधूवरांचा परस्पर होकार हाच विवाहाचा प्राण, हे तत्त्वही चर्चने त्याच शतकात दृढ केले. पट्टी चालूच राहिली. पण निदान धर्मापुढे तरी भूदासाच्या मुलीचा होकार तिचा स्वतःचा ठरला.

वाचकहो, पट्टी घेणारे ते जमीनदार केव्हाच लयास गेले. परंतु हुंड्याच्या रूपाने तीच पट्टी आपण अजून वसूल करीत नाही ना, आणि वधूवरांच्या याद्या चाळताना मुलीचा होकार विचारतो ना, हे प्रत्येक ज्ञातिबांधवाने आपल्या मनाशी तपासून पाहावे.