बालाघाटमार्गे स्पेन

आम्हा तुमसरकरांना स्मारक म्हटले की ऑगस्ट १९४२चा गोळीबार आठवतो. आज सांगणार आहे ते स्मारक मात्र थेट लंडनमधले. पण त्याचा धागा आपल्या शेजारच्या बालाघाटातून जातो.

स्पेनमध्ये १९३६ ते १९३९ यादवी युद्ध पेटले होते. जनरल फ्रँकोच्या बंडाविरुद्ध प्रजासत्ताकाच्या बाजूने लढायला देशोदेशींचे स्वयंसेवक धावले. ब्रिटनहून गेलेल्या २१०० जणांसाठी थेम्सकाठच्या ज्युबिली गार्डन्समध्ये १९८५ साली शिल्प उभे राहिले. त्यावर ५२६ मृतांचा आकडा आहे, नावे नाहीत.

ब्रिटनहून गेलेल्यांत नागपूरचे गोपाळ मुकुंद ऊर्फ बाळाजी हुद्दार होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह! १९३१च्या बालाघाट दरोड्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. पैसा हवा होता तो क्रांतिकार्यासाठी. सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडन गाठले आणि तिथून १९३७ साली स्पेन. नाव घेतले ‘जॉन स्मिथ’. नागपुरी वळणाचा हा जॉन स्मिथ पलटणीत कसा खपला असेल, याचे मला अजून हसू येते. एप्रिल १९३८मध्ये गांदेसाजवळ ते पकडले गेले. सान पेद्रो दे कार्देन्याच्या जुन्या मठात कैद भोगून त्याच वर्षअखेर मायदेशी परतले. पुढे कम्युनिस्ट झाले. म्हणून असेल, एका बाजूला त्यांचा शेवट अडचणीचा वाटला, दुसऱ्या बाजूला त्यांचा आरंभ.

त्या स्मारकावर नावे कोरली असती, तरी या माणसाला कोणत्या नावाखाली शोधायचे? तुमसरच्या स्टँडवर बालाघाटची पाटी लावलेली बस दिसली, की मला हा जॉन स्मिथ आठवतो.