ओव्हनमधला पुरावा

१३ एप्रिल १९५८. रविवारची रात्र. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर एका गरोदर बाईने आपल्या पोलीस नवऱ्याच्या डोक्यात गोठलेली कोकराची तंगडी घातली. तो मेल्यावर तिने ती तंगडी ओव्हनमध्ये भाजायला ठेवली आणि तपासाला आलेल्या पोलिसांना जेवायला वाढली. हत्यार कुठे गेलं असेल याची चर्चा करत पोलिसांनी ते खाऊन टाकलं. पलीकडे खुर्चीवर बसलेली ती बाई आधी गालातल्या गालात, मग उघडपणे हसू लागली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण नंतर खुद्द आल्फ्रेड हिचकॉक पडद्यावर आला आणि ती बाई पुढे पकडली गेल्याचं त्याने सांगितलं.

'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' या मालिकेचा 'लॅम्ब टू द स्लॉटर' हा भाग काळ्या विनोदाचा आदर्श नमुना म्हणून आजही दाखवला जातो. त्याचं कौतुक बहुतेक वेळा त्या तंगडीपाशीच थांबतं. या भागाचं बलस्थान आणि त्याची सर्वांत मोठी उणीव या दोन्ही गोष्टी नीट कळायच्या, तर त्याच्या मागेपुढे काय घडत होतं ते पाहावं लागतं.

ही मालिका २ ऑक्टोबर १९५५ रोजी सुरू झाली. हिचकॉक तिचा चेहरा होता, पण १९६२पर्यंत चाललेल्या अर्ध्या तासाच्या अडीचशेहून अधिक भागांपैकी त्याने स्वतः दिग्दर्शित केलेले भाग फक्त १७. त्यांतला हा एक. सुरुवातीची आणि शेवटची त्याची निवेदनं जेम्स अलार्डाइस लिहीत असे. निर्मितीची खरी सूत्रं जोन हॅरिसन या त्याच्या जुन्या सहकारी बाईंकडे होती. कथा रोआल्ड डालची. ती १९५३ साली 'हार्पर्स' मासिकात आली होती, आणि या भागाची पटकथाही डालनेच लिहिली. मेरी मलोनीची भूमिका बार्बरा बेल गेडीसची. त्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या 'व्हर्टिगो'मध्ये नायकावर मुकाट प्रेम करणारी मिज म्हणून प्रेक्षकांनी तिला पाहिलं. दिग्दर्शनासाठी हिचकॉकला या भागाने एमी पुरस्काराचं नामांकन मिळवून दिलं.

आधी बलस्थान. हिचकॉकने इथे काहीही लपवलेलं नाही. खून कोणी, कशाने आणि का केला हे प्रेक्षकाला पोलिसांच्या आधी कळतं. उरतो एकच प्रश्न: यांना कळेल का? आणि नकळत आपण मेरीच्या बाजूने होतो. ओव्हन चालू आहे, वास सुटला आहे, पोलीस घर उलथंपालथं करत आहेत आणि त्या दाराकडे कोणाचंच लक्ष नाही. मेरी स्वतःच त्यांना जेवायचा आग्रह करते, तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो. बेल गेडीस हे सगळं अगदी बारीक अभिनयातून उभं करते. खुनानंतरचा तिचा सुन्नपणा खरा आहे, आणि पोलिसांपुढचं रडणंही पूर्ण खोटं वाटत नाही. नवरा तर खरंच मेला आहे! शेवटी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. या मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊनच हिचकॉकने 'सायको' हा सिनेमा केला. १९६० सालच्या त्या सिनेमाच्या शेवटी भिंतीपुढे बसून हसणारा नॉर्मन बेट्स ज्यांना आठवतो, त्यांना इथे त्याची पूर्वतयारी दिसेल.

पोलिसांना ओव्हन का दिसत नाही? केवळ मूर्ख म्हणून नव्हे. स्वयंपाकघरात पुरावा असू शकतो, हेच त्यांच्या डोक्यात येत नाही. हत्यार म्हणजे हातोडा, पाना, कांब. ते गॅरेजमध्ये किंवा अंगणात सापडायचं. स्वयंपाकघर ही बायकांची जागा, तिथे फक्त जेवण असतं. या आंधळेपणावर सगळा विनोद उभा आहे, आणि तो आंधळेपणा डालने शोधून काढलेला नव्हता.

डिसेंबर १९००मध्ये आयोवा राज्यात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा झोपेत कुऱ्हाडीने खून झाला. आरोप आला त्याच्या बायकोवर, मार्गारेटवर. हा खटला सुझन ग्लास्पेल नावाची तरुण वार्ताहर तिथल्या वर्तमानपत्रासाठी लिहीत होती. मार्गारेट दोषी ठरली, पुढे तो निकाल रद्द झाला आणि फेरखटल्यात ज्युरीचं एकमत झालं नाही. ग्लास्पेलच्या मनातून ते घर गेलं नाही. १९१६ साली तिने 'ट्रायफल्स' ही एकांकिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी तिचीच कथा केली, 'अ ज्युरी ऑफ हर पियर्स'. त्यात शेरीफ आणि वकील माडीवर आणि गोठ्यात पुरावा शोधत फिरतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायका स्वयंपाकघरात थांबतात. अर्धवट गोधडी, मोडका पिंजरा आणि मान मुरगळलेला पक्षी पाहून खून कोणी आणि का केला ते त्यांना समजतं. पुरुष त्यांच्या गोधडीच्या गप्पांना हसतात. बायका पक्षी लपवतात आणि गप्प राहतात. विशेष म्हणजे हिचकॉकच्याच मालिकेने १९६१ साली ही कथाही पडद्यावर आणली.

ग्लास्पेलच्या बायका पुरावा लपवतात, डालची मेरी तो वाढते. तपास करणारे मात्र तेच राहिले. १९५०च्या दशकात अमेरिकन स्वयंपाकघर ही राष्ट्राच्या अभिमानाची वस्तू झाली होती. घरोघरी फ्रीझर येत होते. जुलै १९५९मध्ये मॉस्कोतल्या प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव यांनी भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद हा वाद घातला, तोही एका नमुन्याच्या अमेरिकन स्वयंपाकघरात उभं राहून. त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधी त्याच सुखाच्या प्रतीकातून हिचकॉकने हत्यार काढलं आणि त्याच सुखाच्या प्रतीकात ते नाहीसंही केलं. ही चलाखी साधी नाही.

आता उणिवा. पहिली म्हणजे नवरा. डालच्या कथेत तो बायकोला नेमकं काय सांगतो ते लिहिलेलंच नाही. त्याला फार वेळ लागला नाही, एवढंच वाचकाला कळतं. ती गाळलेली जागा कथेची ताकद आहे. दूरचित्रवाणीवर मात्र त्याला तोंड उघडावंच लागतं, आणि सोडून जाण्याची भाषा ऐकू येताच जादू ओसरते. पॅट्रिकची भूमिका करणारा ॲलन लेन स्वस्तातल्या काउबॉयपटांचा नायक होता. तो एकाच सुरात दगडासारखा वावरतो. माणूस इतका कोरडा असला की त्याच्या मरणाचं काहीच वाटत नाही. विनोद सोपा होतो आणि काळोख थोडा कमी होतो.

दुसरी उणीव व्यवहाराची. फ्रीझरमधून काढलेली दगडासारखी अख्खी तंगडी आतपर्यंत शिजायला किती वेळ लागतो, हे मटण करणारा कोणीही सांगेल. कथेला ही घाई मानवते, कारण वाचताना घड्याळ दिसत नाही. पडद्यावर तपासाचा लांबलेला मधला भाग बघताना मात्र ही शंका डोकावते. तरी ही उणीव माफ करण्यासारखी आहे.

तिसरी तशी नाही. ती म्हणजे ते शेपूट.

१९५२पासून अमेरिकन वाहिन्यांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली होती. गुन्हा आकर्षक दिसू नये, कायद्याचा मान राखला जावा, अशा अटी तिच्यात होत्या. वातावरण किती सोवळं होतं याचा अंदाज एका गोष्टीवरून येतो. त्याच वर्षी 'आय लव्ह ल्यूसी'ची नायिका खरोखर गरोदर होती, तरी त्याच सीबीएसवर 'गरोदर' या अर्थाचा सरळ इंग्रजी शब्द वापरायची मुभा नव्हती. भागाच्या नावात फ्रेंच शब्द घालून वेळ निभावली गेली. अशा काळात खुनी बाई हसत सुटते असा शेवट तसाच सोडणं अवघड होतं. हिचकॉकच्या मालिकेने यावर पळवाट काढली. गोष्ट हवी तशी संपवायची आणि मग निवेदनात दोन वाक्यांत गुन्हेगाराला पकडून टाकायचं. या भागात हिचकॉक सांगतो की मेरीने दुसऱ्या नवऱ्यावरही हाच प्रयोग केला. पण तो विसराळू निघाला, त्याने फ्रीझरचा प्लगच लावला नव्हता. मांस मऊ पडलं आणि बेत फसला.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. हा प्रकार आमच्याकडे ओळखीचा आहे. एखादी अट पूर्ण झाली असं दाखवायचं म्हणून मूळ रचनेला हात न लावता शेवटी चार ओळी जोडतात आणि यादीत बरोबरची खूण पडते. पण त्या चार ओळी कधी कधी आधीच्या सगळ्याचा अर्थ बदलून टाकतात.

इथे तेच झालं. हिचकॉकच्या बाजूने म्हणता येईल की ही नियमाची टिंगल आहे: मेरीला पोलीस पकडत नाहीत, न लावलेला प्लग पकडतो. प्रायोजकांनाही चिमटे काढणाऱ्या माणसाकडून दुसरी कशाची अपेक्षा करायची? ते खरंच आहे. पण टिंगलीची किंमत मेरी मोजते. पंचवीस मिनिटं आपण जी बाई पाहिली, तिने आयुष्य कोसळलं त्या क्षणी हाताला आली ती वस्तू उचलली होती. तो कट नव्हता. १९५८मध्ये पोटात मूल असताना नवऱ्याने सोडणं म्हणजे काय, हे तेव्हाच्या प्रेक्षक बायकांना समजावून सांगायची गरज नव्हती. असा एक घाव माफ करावा की नाही, हा प्रश्न भागाने आपल्यापुढे ठेवला होता. शेपटाने तो प्रश्नच काढून घेतला. दुसऱ्या नवऱ्यावरही तंगडी उगारणारी बाई सराईत ठरते, आणि सराईत बाईबद्दल कोणाला विचार करावा लागत नाही. कथेच्या नावातलं कापायला नेलेलं कोकरू नक्की कोण, ही गंमतही मग उरत नाही.

हत्यार पोटात गेल्यावर कायद्याच्या हाती काही राहिलं नव्हतं. मेरीला शेवटी पकडलं ते वाहिनीच्या नियमावलीने. ग्लास्पेलच्या बायकांनी मेलेला पक्षी लपवला, तेव्हा पुढे काय झालं हे सांगायला कोणी आलं नाही आणि प्रेक्षक तो भार घेऊनच घरी गेला. हिचकॉकच्या भागाचाही तेवढाच भार होता, बार्बरा बेल गेडीसच्या त्या हसण्यापर्यंत. आज हा भाग पाहणाऱ्याला तिथेच थांबायची सोय आहे. १९५८च्या रविवारी रात्री ती नव्हती.