मणाला रुपये, अडीच शेराला आणे

‘३ किलो ५० ग्रॅम म्हणजे किती ग्रॅम?’ असे विचारले, की प्राथमिक वर्गांत ‘३५०’ हे उत्तर बरेचदा मिळते. दशमान पद्धतीत तर फक्त दहा, शंभर, हजार यांनीच गुणायचे-भागायचे असते. मग मुले अडखळतात कुठे? याचे उत्तर शोधायला आपल्याच देशातल्या मापांच्या इतिहासाची मदत होते. एके काळी हे रूपांतर आजच्यापेक्षा कितीतरी किचकट होते, आणि तरीही बाजारात ते तोंडी चाले.

१९५७ पूर्वी ३ पै म्हणजे १ पैसा, ४ पैसे म्हणजे १ आणा आणि १६ आणे म्हणजे १ रुपया होई. ब्रिटिश काळातल्या प्रमाण वजनांत ५ तोळे म्हणजे १ छटाक, १६ छटाक म्हणजे १ शेर आणि ४० शेर म्हणजे १ मण. चार आणि सोळा या संख्या पदोपदी येत असल्यामुळे पाव, अर्धा, पाऊण यांच्यावाचून हिशेब पुढे सरकत नसे. म्हणून तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ करून घेत.

दोन कोष्टके एकमेकांशेजारी ठेवली, की त्यातून सोप्या युक्त्याही निघतात. उदाहरणार्थ, मणाला जितके रुपये, अडीच शेराला तितके आणे. का बरे? ४० शेरांचा सोळावा भाग अडीच शेर, आणि रुपयाचा सोळावा भाग आणा. गूळ २४ रुपये मण असेल, तर अडीच शेर गुळाचे २४ आणे, म्हणजे दीड रुपया. कागद-पेन्सिलीची गरजच नाही!

पण या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मुळात ‘मण’ सगळीकडे सारखा नव्हता. बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर मद्रासचा २५ पौंडांचा. किलोत सांगायचे तर अनुक्रमे सुमारे ३७.३, १२.७ आणि ११.३. नाव एकच, वजने तीन! परगावच्या व्यापाऱ्याशी व्यवहार करताना अडाणी शेतकरी यात सहज नाडला जाऊ शकत असे. पाठ केलेले पाढे इथे त्याच्या उपयोगाचे नव्हते. गरज होती ती सर्वांसाठी एकाच मापाची.

स्वातंत्र्यानंतर हा बदल झाला. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजने-मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला होता. त्यानुसार ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात आला.

नाण्यांच्या बदलात एक छान गणित दडलेले आहे. १ आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणून जवळचा पूर्ण पैसा धरायचा, आणि बरोबर अर्धा उरला तर तो सोडून द्यायचा, असा नियम ठरला. त्यानुसार १ आण्याचे ६, २ आण्यांचे १२, ३ आण्यांचे १९ आणि ४ आण्यांचे २५ नवे पैसे झाले. आता मुलांना विचारून पाहा : एकेक आणा सोळा वेळा मोडला तर किती पैसे मिळतील? ९६. आणि सोळा आणे एकदम मोडले तर? पूर्ण १००. मग चार पैसे गेले कुठे? रूपांतर आधी करायचे की बेरीज आधी, याने उत्तर बदलते, हे मुलांना इथे कळते.

दशमान पद्धतीने कोष्टकांचे ओझे उतरवले, हे फार चांगले झाले. मात्र आपण वर्गात त्या जागी ‘तीन शून्ये द्या’ हा नवा पाठांतराचा नियम आणून ठेवला. शून्य देताना तराजू डोळ्यांपुढे नसेल, तर ५० ग्रॅम कुठे मिळवायचे हे मुलाला सुचत नाही. एकेक किलोची तीन वजने आणि ५० ग्रॅमचे एक वजन पारड्यात ठेवून ‘३००० आणि ५०’ असे मोठ्याने म्हणायला लावले, तर ३५० हे उत्तर फारच कमी आहे हे त्याचे त्यालाच दिसते.

मग जुन्या युक्तीची नवी जोडी शोधायला सांगावी. किलोला जितके रुपये, १० ग्रॅमला तितके पैसे! हे का जुळते? किलोचा शंभरावा भाग १० ग्रॅम, आणि रुपयाचा शंभरावा भाग पैसा. मोठ्या मुलांनी हे स्वतः सिद्ध करावे.

जुनी मापे अजून आपल्या बोलण्यात आहेत, त्यांचाही उपयोग करून घेता येईल. शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर लिहिलेले असते. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे १ एकर. १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा म्हणजे १ आर. असे १०० आर म्हणजे १ हेक्टर. शाळेच्या मैदानावर दोरी आणि चुन्याने दोन्ही चौरस एकाच कोपऱ्यातून आखावेत. गुंठ्याची बाजू आरच्या बाजूपेक्षा जेमतेम ६ सेंटिमीटरने मोठी निघेल. मग मुलांनी घरच्या किंवा शेजारच्या सातबाऱ्यावरचे क्षेत्र गुंठ्यांत काढावे आणि ते घरच्यांच्या सांगण्याशी जुळते का, हे घरी विचारून यावे.