7 ऑगस्ट 2024: दोन मीटर वीसपर्यंतची दुपार

(सगळ्या वेळा भारतीय. पॅरिसचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे.)

सकाळी 11. पॅरिसमध्ये चालण्याच्या मिश्र रिलेने भारताचा दिवस सुरू झाला. आपली जोडी शर्यत पूर्ण करू शकली नाही. त्या दिवसाने काय वाढून ठेवलंय, याचा तेव्हा कुणालाच अंदाज नव्हता.

दुपारी 12 च्या सुमारास. विनेश फोगाट अपात्र. कुस्तीच्या 50 किलो गटाच्या अंतिम फेरीआधी वजन सुमारे 100 ग्रॅम जास्त भरलं. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवलं होतं. पुढचे सगळे तास देश त्याच बातमीला चिकटून बसला, आणि ते साहजिकच होतं.

दुपारी 1.35. स्टाद द फ्रान्समध्ये पुरुषांची उंच उडी, पात्रता फेरी. 'ब' गटात सर्वेश अनिल कुशारे, नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा. शेतकऱ्याचा मुलगा. शाळेत असताना फोमची गादी नव्हती, म्हणून मक्याच्या भुशावर पाठ टेकायला शिकला. ऑलिम्पिकसाठी थेट पात्रतेची उंची होती 2.33 मीटर आणि त्याची तोवरची सर्वोत्तम उडी 2.27, 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतली. म्हणजे तो जागतिक क्रमवारीच्या जोरावर इथवर आला होता. वर्षभर स्पर्धा खेळत, गुण जोडत. माझ्या मते खरा पराक्रम तो, पण टीव्हीवर तो दिसत नाही.

उंचीचा अंदाज हवा असेल तर आमच्या न्हावा शेवा बंदराच्या यार्डात या. कोणत्याही कंटेनरची रुंदी आठ फूट, म्हणजे 2.44 मीटर. हे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झालं आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी, 29 जुलैला, क्यूबाच्या हाविएर सोतोमायोरने नेमकी तेवढी उडी मारली. पुढे 1993 मध्ये त्याने 2.45 केली. आजवर आठ फूट ओलांडलेला माणूस तोच एक. त्या आठ फुटांतून वीतभर वजा केली की पॅरिसमधली त्या दुपारची दांडी हाताला लागते.

पहिली उंची 2.15. सर्वेशने पहिल्याच प्रयत्नात पार केली.

दुपारी 1.45 ते 2. शेजारी ट्रॅकवर ज्योती याराजी 100 मीटर अडथळ्यांत सातवी, 13.16 सेकंद. भालाफेकीत अन्नू राणीचा भाला 55.81 मीटरवर. अन्नू तिथेच बाहेर; ज्योतीला रेपेचाजची आणखी एक संधी उरली.

आणि दांडी 2.20 वर गेली.

ही उंची सर्वेशला परकी नव्हती. 2019 मध्ये काठमांडूच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्याने 2.21 मारून सुवर्ण घेतलं होतं. पॅरिसला निघण्याआधी, जूनमध्ये पंचकुलाला 2.25 गेला होता. पण उंच उडीचा नियम निर्दय आहे: ओळीने तीन चुका झाल्या की संपलं. प्रत्येक प्रयत्नाला एक मिनिट. धाव वळणावरून येते, शेवटच्या दोन-तीन पावलांत वेगाचं उंचीत रूपांतर व्हावं लागतं, आणि पाऊल जरासं जवळ पडलं तरी दांडी अंगाबरोबर खाली येते.

पहिला प्रयत्न: लाल झेंडा. दुसरा: लाल झेंडा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. याच फेरीत, याच 2.20 वर न्यूझीलंडचा हॅमिश केरही दोनदा चुकला होता. तिसऱ्या प्रयत्नात तो सुटला. तीन दिवसांनी त्याच्याच गळ्यात सुवर्णपदक पडलं.

सर्वेशचा तिसरा प्रयत्न: लाल झेंडा. गटात तेरावा, एकूण पंचविसावा. पाच सेंटिमीटर.

बातम्यांत त्याला दोन ओळी मिळाल्या. उंच उडीची जी चित्रफीत फिरली तीही वेगळीच: 2.27 वर मुताझ बार्शिमची पोटरी आखडली आणि इटलीचा तांबेरी, तोक्योतला त्याचा सुवर्णाचा भागीदार, मदतीला धावला. छान क्षण होता. पण त्या क्षणाआधीच आपला माणूस बॅग आवरून निघाला होता, आणि त्याची दखल घ्यायला एकही मराठी वाहिनी थांबली नाही.

दुपारी 3 नंतर. कुस्तीत अंतिम पंघाल 0–10. टेबल टेनिसमध्ये महिला संघ जर्मनीकडून 1–3.

रात्री 11 नंतर. वेटलिफ्टिंगमध्ये मीराबाई चानू 199 किलो, चौथी. कांस्यपदक 200 ला गेलं.

मध्यरात्रीनंतर 1.13. बीडचा अविनाश साबळे, 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी: अकरावा, 8 मिनिटं 14.18 सेकंद.

शंभर ग्रॅम, पाच सेंटिमीटर, एक किलो. पहिल्याची चर्चा महिनाभर चालली, तिसऱ्याची दोन दिवस. मधल्याची झालीच नाही.

16 सप्टेंबर 2025, तोक्यो. जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला सर्वेश हा पहिला भारतीय. तिथे त्याची उडी 2.28, तोवरच्या आयुष्यातली सर्वोत्तम, आणि क्रमांक सहावा. पॅरिसच्या पात्रता फेरीत ती सहज पुरली असती.