तरंगते आमिष आणि मंद ओढ

वसई तालुक्यातील वालीव आज कारखान्यांसाठी ओळखले जाते. तथापि त्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर आणि दक्षिणेस वसईची खाडी आहे. अशा गढूळ, तिवरांनी वेढलेल्या खाड्यांत जिताडा हा शिकारी मासा वावरतो. खाजणाच्या उघाडीतून ओहोटीचे पाणी निघू लागले की तो आडोशाला दबा धरतो आणि वाहत आलेली कोळंबी पाण्यासकट तोंडात ओढतो. त्याच्यापुढून आमिष भरधाव नेण्यात अर्थ नसतो. गळाला जिवंत कोळंबी लावण्याच्या रीतीचे मर्म येथेच आहे: कोळंबी आपणच हालते, दोर ओढण्याचे कारण उरत नाही.

मासा खाद्याकडे यावा, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३१च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सुमारे ३५ प्रकारचे मासे नोंदले असून कोणत्या माशास कोणते खाद्य रुचते, याचा तपशील दिला आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणाचे विवेचन केले. एवढ्यावरून कृत्रिम आमिषही आपल्याकडे होते असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. राजाचे कौशल्य खाद्य ओळखण्यात होते, निर्जीव वस्तूला सजीव भासविण्यात नव्हे.

हा दुसरा प्रश्न आपल्याकडे इंग्रजांच्या छंदाबरोबर आला. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रासकडील सनदी अधिकाऱ्याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३मध्ये निघाला. परंतु त्याचा मुख्य जीव नदीतील महसीरात गुंतलेला होता. पाण्याच्या पृष्ठभागी चालणाऱ्या लाकडी आमिषाचा विकास प्रामुख्याने अमेरिकेत झाला. मिशिगनमधील डोवॅजिॲक येथील जेम्स हेडन यांना अशा आमिषाचे पेटंट १९०२मध्ये मिळाले.

तरंगते आमिष वेगाने ओढले असता कसेही हलते. खरी कसोटी मंद ओढीत लागते. गती कमी झाली की पाण्याचा दाब घटतो आणि आमिष काटकीसारखे सरळ येते. यावरचे उपाय मुळात तोल बदलण्याचे आहेत. मागील गळ किंचित जड केला की शेपूट बुडते, तोंड वर राहते आणि हलक्या झटक्यानेही ते डावीउजवीकडे वळते. वजन अधिक झाले तर मात्र ते बुडते, आणि सारा खटाटोप व्यर्थ जातो. तंगूस घट्ट न आवळता सैल फासाने बांधल्यास डोके मोकळे राहते. पंखे असलेल्या आमिषाची पाती थोडी अधिक पिळली तर ती संथ ओढीतही फिरतात. मागील गळाला पिसे बांधली तर आमिष थांबले तरी ती हलत राहतात. अमेरिकेतीलच फ्रेड आर्बोगास्ट यांचे १९३८च्या सुमाराचे ‘जिटरबग’ तर रुंद धातूच्या ओठामुळे संथ ओढीतच उत्तम डुलते. गढूळ पाण्यात मासा दृष्टीपेक्षा पाण्यातील कंपनांवर अधिक विसंबतो, म्हणून हे डुलणे महत्त्वाचे.

खाडीत आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. ओहोटीच्या विरुद्ध ओढताना प्रवाहच आमिषाच्या ओठावर दाब देतो, आणि हात जवळजवळ स्थिर ठेवूनही ते डुलते. प्रवाहाबरोबर ओढताना तेच आमिष निष्प्राण होते. त्यामुळे उघाडीच्या कोणत्या अंगाला उभे राहावयाचे, हे आधी ठरवून मगच गळ बदलणे इष्ट.