लोकानुनयी राजकारण आणि मराठी पत्रकारितेची पहारेकऱ्याची भूमिका

प्रस्तावना :
सत्तेवर नजर ठेवून लोकांना वेळीच सावध करणे, हे पत्रकाराचे काम गावगाड्यातील जागल्याच्या कामाशी जुळणारे होय. मराठीत ही परंपरा जुनी आहे. कोल्हापूर प्रकरणी 1882 मध्ये टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. तेथे सत्ता म्हणजे सरकार, हे उघड होते. परंतु समाजाची ‘आपण’ आणि ‘परके’ अशी विभागणी करून उभे राहणारे उजवे लोकानुनयी राजकारण सरकारबाहेर राहूनही सत्ता गाजविते. अशा सत्तेवर पहारा कसा ठेवावा, हा प्रश्न महाराष्ट्रात शिवसेनेच्या संदर्भात उपस्थित झाला.

‘मार्मिक’ ते ‘सामना’ :
या राजकारणाचा नेता स्वतःच पत्रकार होता, ही बाब अभ्यासकांकडून काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. ‘फ्री प्रेस जर्नल’मधील व्यंगचित्रकार बाळ ठाकरे यांनी 13 ऑगस्ट 1960 रोजी ‘मार्मिक’ साप्ताहिक सुरू केले. मुंबईतील कार्यालयांतील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापल्या जात. वरवर पाहता ही शोधपत्रकारिताच होती. मराठी माणसाचा पहारेकरी आपणच, असा तिचा दावा होता. 19 जून 1966 रोजी शिवसेना स्थापन झाली ती या वाचकवर्गाच्या बळावर. पुढे 1980 च्या दशकात हिंदुत्वाचा स्वीकार झाल्यावर ‘सामना’ हे दैनिक निघाले.

त्यामुळे इतर पत्रकारांची कोंडी झाली. नेत्याचे भाषण जसेच्या तसे छापणे ही तटस्थता मानावी, तर चिथावणीला फुकटची प्रसिद्धी मिळे; न छापावे, तर वाचक दुरावे. अनेकांनी पहिला मार्ग पत्करला. रोखठोक भाषेचे कौतुक करताना त्या भाषेचा परिणाम कोणावर होतो, हे पाहण्याचे राहून गेले.

वेगळा पवित्रा :
1990 मध्ये निखिल वागळे यांनी सुरू केलेल्या ‘आपलं महानगर’ या सायंदैनिकाने याविरुद्ध पवित्रा घेतला. इंग्रजी वृत्तपत्रांची टीका ‘परक्यांची’ म्हणून झिडकारता येई. ‘महानगर’ मात्र त्याच मराठी वाचकाशी, तितक्याच आक्रमक भाषेत बोलत होते. 1991 मध्ये त्याच्या कार्यालयावर शिवसैनिकांनी हल्ला केला. पहारेकऱ्याने प्रतिपक्षाचा आवेश घ्यावा काय, हा आक्षेप गैरलागू नाही. तथापि हल्ल्यानंतर तो घेणाऱ्यांनी आवेशाची तुलना दगडांशी करू नये.

1992-93 च्या मुंबई दंगलीत हा प्रश्न जिवावर बेतला. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार दंगलीत 900 जण मृत्युमुखी पडले, आणि 1993 च्या जानेवारीतील हिंसाचारापूर्वी भावना भडकविणाऱ्या लेखनात आयोगाने ‘सामना’ व ‘नवाकाळ’ या दोन वृत्तपत्रांची नावे घेतली. ‘सामना’च्या अग्रलेखांवर कारवाई व्हावी म्हणून माजी मुख्य सचिव जे. बी. डिसूझा यांच्यासह पत्रकार दिलीप ठाकोर उच्च न्यायालयात गेले. पत्रकाराला दुसऱ्या वृत्तपत्राविरुद्ध न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला, यातच टीकेची मर्यादा दिसते. याचिका 1994 मध्ये फेटाळली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. 25 जुलै 2000 रोजी ठाकरे यांना अटक झाली, पण मुदत उलटून गेल्याने दंडाधिकाऱ्यांनी त्याच दिवशी प्रकरण निकाली काढले.

कायदा आणि तालुक्याचा वार्ताहर :
20 नोव्हेंबर 2009 रोजी शिवसैनिकांनी ‘आयबीएन लोकमत’च्या मुंबई व पुणे येथील कार्यालयांवर हल्ला केला, तेव्हाही संपादक वागळेच होते. 9 फेब्रुवारी 2024 रोजी पुण्यात ‘निर्भय बनो’ सभेला जाताना त्यांच्या मोटारीवर हल्ला झाला तो भारतीय जनता पक्षाच्या कार्यकर्त्यांकडून. पक्ष बदलला, पद्धत तीच राहिली.

दरम्यान 2017 मध्ये विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा संमत केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो नियमित वा कंत्राटी नोकरीत आहे, तोच या कायद्याने पत्रकार ठरतो. मुंबईच्या संपादकाला ही व्याख्या सहज लागू पडते. देवरी तालुक्यातील चिचगडसारख्या गावी शेती किंवा दुकान सांभाळून, अंकाची एजन्सी व जाहिराती गोळा करून बातमी पाठविणारा वार्ताहर तिच्यात बसेलच, असे नाही. आणि ज्याच्याविरुद्ध त्याने लिहावयाचे, तो बहुधा त्याचा जाहिरातदारही असतो.