सुपरबग एका पेशंटकडून दुसऱ्याकडे कसा जातो? जिनोमचा 'डिफ' काढून लावलेला छडा

गेल्या वर्षी माझी आजी आठ दिवस आयसीयूमध्ये होती. तिच्या कल्चर रिपोर्टचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. औषधांच्या लांबलचक यादीत प्रत्येक नावापुढे 'एस' किंवा 'आर' लिहिलं होतं. बाबांनी विचारलं, "आर म्हणजे काय रे?" इंजिनिअर असूनही मला सांगता आलं नाही. आजी बरी होऊन घरी आली, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. त्याचंच उत्तर आज पाहूया.

'एस' आणि 'आर' म्हणजे काय?

'एस' म्हणजे सेन्सिटिव्ह, त्या औषधाने जंतू मरतो. 'आर' म्हणजे रेझिस्टंट, औषध त्याच्यावर चालत नाही. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. औषधाची सवय आपल्या शरीराला होत नाही. बदलतो तो बॅक्टेरिया.

बॅक्टेरिया वाढताना स्वतःच्या डीएनएची कॉपी काढतो आणि कॉपीत अधूनमधून चूक होते. एखाद्या चुकीमुळे तो औषधातून वाचतो. बाकीचे मरतात, हा उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. शिवाय बॅक्टेरियांमध्ये 'प्लाझ्मिड' नावाचे डीएनएचे छोटे गोल तुकडे असतात. रेझिस्टन्सचा जीन अशा तुकड्यावर असेल, तर तो शेजारच्या बॅक्टेरियाला देता येतो. आपण फोनवरून फाइल शेअर करतो, तसंच काहीसं.

2011 ची गोष्ट

अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेचं हॉस्पिटल आहे. जून 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलमधून तिथे एक महिला पेशंट आली. तिच्या शरीरात 'क्लेब्सिएला न्यूमोनिए' हा बॅक्टेरिया होता. तो 'केपीसी' नावाचं एन्झाइम बनवायचा, आणि हे एन्झाइम कार्बापेनेम गटातली औषधं तोडून टाकतं. इतर अँटिबायोटिक्स हरली की डॉक्टर ज्या औषधांकडे वळतात, त्यातलाच हा गट.

हॉस्पिटलला हे आधीच माहीत होतं. तिला वेगळं ठेवलं, स्टाफ गाऊन आणि ग्लोव्हज घालूनच आत जायचा. जुलैच्या मध्यात ती घरी गेली. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

पण ऑगस्टच्या सुरुवातीला दुसऱ्या पेशंटमध्ये हाच जंतू सापडला. मग साधारण दर आठवड्याला एक नवा पेशंट. वर्ष संपेपर्यंत एकूण 18 जण. त्यातले 11 दगावले, आणि 6 मृत्यू थेट या संसर्गामुळे झाले.

जिनोमचा 'डिफ'

प्रश्न असा, की हा तोच जंतू होता की बाहेरून आलेला दुसरा? नेहमीच्या टेस्टमधून नक्की उत्तर मिळेना. म्हणून एव्हन स्निटकिन, ज्युली सेग्रे, टारा पामोर आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक पेशंटच्या जंतूचा पूर्ण जिनोम वाचला.

कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन फाइल्सचा 'डिफ' काढला की कोणती ओळ बदलली ते दिसतं, आणि बदलांच्या क्रमावरून कोणती कॉपी कशावरून काढली हेही लक्षात येतं. इथे फाइल सुमारे 60 लाख अक्षरांची होती, आणि सगळे नमुने मिळून फरक होता फक्त 41 जागी! म्हणजे मूळ एकच, ती पहिली पेशंट. तिच्याकडून जंतू एकदाच नाही, तर किमान तीन वेगवेगळ्या वेळी पुढे गेला होता.

मग मधले तीन आठवडे तो होता कुठे? काही पेशंटच्या आतड्यात तो गुपचूप राहत होता. ताप नाही, लक्षण नाही, पण तो पसरत होता. साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या ड्रेनमध्येही तो सापडला.

त्यानंतर हॉस्पिटलने लक्षणं नसलेल्या पेशंटचीही तपासणी सुरू केली. बाधितांसाठी भिंत बांधून वेगळा भाग केला, तिथला स्टाफ वेगळा ठेवला. खोल्यांमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ सोडली, हात धुतले जातात की नाही हे बघायला माणसं नेमली. तेव्हा कुठे साखळी आटोक्यात आली.

आपण काय करू शकतो?

- हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटण्याआधी आणि भेटून झाल्यावर हात धुवा किंवा सॅनिटायझर लावा.
- फोन बेडवर ठेवू नका. मी आजीच्या उशीजवळ ठेवला होता, तर सिस्टर म्हणाल्या, "हात धुतलेस, फोन कोण धुणार?" घरी आल्यावर फोन बंद करून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसा.
- सर्दी-फ्लू व्हायरसमुळे होतो, अँटिबायोटिक त्यावर चालत नाही.
- औषधाच्या पट्टीवर लाल उभी रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. उरलेल्या गोळ्या कोणाला देऊ नका.
- कल्चर रिपोर्ट जपून ठेवा आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि बाबा, उत्तर द्यायला उशीर झाला, पण 'आर' म्हणजे हे!